पाळण्यात बसायला उंची लागते

गेल्या दिवाळीत पेणच्या घरी मी लॅपटॉप उघडून सहलीचा तक्ता करत बसलो होतो. माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती, रोह्याच्या ताईचा मुलगा नुकताच तीन पूर्ण झालेला. दोन्ही घरांनी मिळून खोपोलीजवळच्या इमॅजिकात एक दिवस काढायचा असं ठरलं होतं. आम्ही पेणहून खोपोली रस्त्याने जाणार, ताई-भावोजी रोह्याहून नागोठणे, वाकण, पाली करत येणार. तक्त्यात तीन रकाने होते: वेळ, राइड आणि किमान उंची. तिसरा रकाना भरत गेलो तशी मुलांच्या नावापुढे फुल्यांवर फुल्या पडत गेल्या.

आई शेजारीच करंज्यांवरून कातणं फिरवत होती. थोडा वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाली, "पाळण्यात बसायला उंची कधीपासून लागायला लागली रे?"

मी हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. बारशाला बाळ ठेवतात तोही पाळणा आणि जत्रेत गोल फिरतो तोही पाळणाच. मोठं चाक आलं तेव्हा आपण फक्त पुढे 'आकाश' जोडलं. भाषेच्या हिशेबाने पाळण्याचा पहिला हक्क तान्ह्याचा. मग तो तान्ह्याच्या हातून कधी सुटला?

जत्रेतला लाकडी पाळणा आईच्या पिढीने बघितलेला आहे. चार खोके, मधे आडवा दांडा आणि खोके हाताने ढकलणारा एक माणूस. असं चाक फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने 1620 मध्ये ऑटोमन साम्राज्यातल्या फिलिपोपोलिसमध्ये, म्हणजे आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिवमध्ये, असं चाक पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं. त्याच्याही चाकात लहान लहान बैठकांवर बसलेली होती ती मुलंच.

हे चाक वाढायला लागलं एकोणिसाव्या शतकात. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या पुलांच्या कामात मुरलेल्या इंजिनिअरने सुमारे 80 मीटर उंच पोलादी चाक उभं केलं. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसं मावत. पॅरिसच्या आयफेल टॉवरला अमेरिकेने दिलेलं ते उत्तर होतं. म्हणजे त्या चाकाचं काम देशाची ताकद दाखवणं हे होतं, पोर रमवणं नव्हे.

दोनच वर्षांनी, 1895 मध्ये, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पॉल बॉयटन याने सी लायन पार्क उघडलं. भोवती कुंपण आणि दारावर तिकीट, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी रचना तिथे पक्की झाली. त्याच पार्कात 'फ्लिप फ्लॅप' नावाची उलटी गिरकी घेणारी गाडी होती. तिचा वळसा अगदी वर्तुळाकार होता. सरळ रुळावरून गाडी वर्तुळात शिरते त्या क्षणी शरीरावरचा भार एकदम कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे लोकांच्या माना दुखावत. पुढे वळशाचा आकार बदलला. आजच्या रोलर कोस्टरचे वळसे थेंबासारखे, खाली पसरट आणि वर निमुळते असतात ते याच कारणाने.

उंचीची पट्टी याच हिशेबातली आहे. जन्मतः बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं आठवा. जड डोकं आणि कोवळी मान घेऊन झटके सोसता येत नाहीत. शिवाय दोघांना मिळून एकच आडवा दांडा असेल तर तो मोठ्याच्या मांडीवर येऊन टेकतो आणि शेजारच्या पोरापुढे फट उरते. सेंटिमीटरचा तो आकडा म्हणजे वय, वजन, हाडं, समज या सगळ्याच्या बदल्यात वापरलेली एक सोपी खूण आहे. दारावरच्या माणसाला दोन सेकंदांत तपासता येईल अशी. सॉफ्टवेअरमध्ये आम्हीही असंच करतो. जे मोजणं अवघड, त्याच्या जागी मोजायला सोपं असं काहीतरी शोधतो. नियम बरोबरच आहे. आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "आमचा पाळणेवाला पोराच्या तोंडाकडे बघायचा. रडायला लागलं की हात आखडता घ्यायचा."

यावर मला उत्तर सुचलं नाही. हाताने फिरणाऱ्या पाळण्याचा वेग पोराच्या चेहऱ्यावर ठरायचा. मोटार आल्यावर वेग आधीच ठरला, आणि मग त्या वेगाला कोण चालेल हे दारातच ठरवावं लागलं.

थीम पार्कची कल्पना मात्र लहान मुलांमुळेच सुचली, ही यातली गंमत. वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मेरी-गो-राउंडवर न्यायचा. मुली घोड्यांवर, हा बाकावर शेंगदाणे खात. आईबाप आणि मुलं एकत्र मजा करतील अशी जागा का नसावी, हा विचार तिथे आला असं तो पुढे सांगत असे. 17 जुलै 1955 ला अॅनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं. ग्रिफिथ पार्कातला म्हणून एक बाक तिथे जपून ठेवलेला आहे.

ती कल्पना भारतात पोचली तोवर तीस वर्षं लोटली होती. 1982 च्या आशियाई खेळांचा शुभंकर अप्पू हत्ती, त्याच्या नावाचं अप्पू घर 1984 मध्ये दिल्लीत सुरू झालं. 1989 मध्ये सुभाष चंद्रा यांचं एस्सेलवर्ल्ड गोराईला आलं. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती आणि मला राइडइतकीच खाडीतली बोट आठवते. 2013 मध्ये मनमोहन शेट्टी यांचं इमॅजिका आमच्या दारातच उघडलं. इंजिनिअरिंगला असताना मित्रांबरोबर गेलो, 'नायट्रो'मध्ये बसून घसा बसेपर्यंत ओरडलो. दारावरची उंचीची पट्टी तेव्हा दिसलीही नव्हती. ज्याला अडवायचं असतं त्यालाच ती दिसते.

आता बाप म्हणून तक्ता बघताना कळलं, की लहान पोर बरोबर असलं की डिस्नेचा तो बाक परत येतो. एकाने आत जायचं, एकाने बाहेर पोर धरून बसायचं, मग अदलाबदल. सहा मोठी माणसं, दोन मुलं आणि दिवसभर कुणीतरी बाकावर.

आणखी एक गोष्ट कळली, ती फारशी बरी नव्हती. मी पुण्यात नोकरी करतो. आठवड्यातले बरेचसे दिवस घरी पोचतो तेव्हा मुलगी झोपलेली असते. उरलेल्या वर्षाची भरपाई या एका दिवसात करायची असं मी मनात धरलं होतं. म्हणून सकाळी सहाला निघून रात्रीची रोषणाई बघून परत, मधे एकही मिनिट रिकामं नाही. एका राइडमागे किती रुपये पडतात याचंही सूत्र शीटमध्ये होतं. दुपारी एक ते तीन ती झोपते, हे मात्र शीटमध्ये कुठेच नव्हतं.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "आम्ही पालीवरूनच येतोय, जाताना बल्लाळेश्वरालाही थांबू." इमॅजिका त्याच पाली-खोपोली रस्त्यावर आहे. अष्टविनायकातल्या दोन गणपतींच्या, पालीच्या बल्लाळेश्वराच्या आणि महडच्या वरदविनायकाच्या, मधल्या टापूत. बल्लाळेश्वराची गणेशपुराणातली गोष्ट लहानपणापासून ऐकलेली होती, त्या रात्री ती वेगळी वाटली. बल्लाळ हा कल्याण वाण्याचा मुलगा. सवंगड्यांना घेऊन रानात जायचा, एक धोंडा गणपती मानून पूजा-पूजा खेळायचा. खेळात पोरांना वेळेचं भान राहीना, घरी यायला उशीर व्हायला लागला. आईबापांनी कल्याणकडे तक्रार केली. त्याने रानात जाऊन पूजा मोडली, पोराला मारलं, झाडाला बांधून ठेवलं. देव पुढे प्रसन्न झाला तो बल्लाळला, आणि अष्टविनायकात भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हाच एक. पोरं एका धोंड्यावर दिवस काढत होती आणि घड्याळ बापांच्या हातात होतं. मी शीट बंद केली.

दुसऱ्या दिवशी नवा बेत केला. फाटक उघडायच्या वेळी पोचायचं, मुलांना चालेल असं जे काही असेल तेच करायचं, एकच्या आत बाहेर पडायचं. नायट्रो नाही. भावोजी जरा हिरमुसले, पण त्यांनी मानलं.

मुलगी मेरी-गो-राउंडवर तीनदा बसली. पहिल्या फेरीला रडली. घोडा थांबणार नव्हता, म्हणून मी तिच्या पाठीला हात लावून शेजारी उभा राहिलो. दुसऱ्या फेरीत तिने माझा हात झटकला. तिसऱ्या फेरीत ती घोड्याशी बोलत होती, काय ते मला ऐकू आलं नाही. माझ्या जुन्या सूत्राप्रमाणे त्या दिवशीचा एका राइडमागचा खर्च भयंकर आला असता.

साडेबाराला निघालो. मुलगी खोपोली यायच्या आतच झोपली. तासाभराने ताईचा फोटो आला, पालीच्या देवळातला. भाचा भावोजींच्या खांद्यावर गाढ झोपलेला.