घोड्याच्या तोंडावरची जाळी रात्री हवी की नको?

मुळशी तालुक्यात मृगाचा पाऊस स्थिरावला, की भातखाचरे भरतात, तबेल्याभोवती चिखल होतो आणि माश्यांचा सुळसुळाट सुरू होतो. पौड-पिरंगुटपासून ताम्हिणीच्या वाटेपर्यंत शहरवासीयांनी फार्महाऊस उभारली. त्यांतील काही ठिकाणी हौसेने घोडेही पाळले जातात. अशा घोड्यांच्या तोंडावर दिसणारे बारीक जाळीचे टोपडे म्हणजे ‘फ्लाय मास्क’. टांग्याच्या घोड्याला लावत त्या झापडांशी त्याचा संबंध नाही. झापडांचा हेतू घोड्याला बाजूचे दिसू नये हा असे. या जाळीतून घोड्याला दिसते, फक्त माशी डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. सकाळी चढवलेली ही जाळी रात्रीही राहू द्यावी का, याचे सर्वसाधारण उत्तर ‘नाही’ असेच आहे. अंधार पडण्यापूर्वी ती उतरवावी.

घोड्याला छळणाऱ्या प्रमुख माश्या दिवसाच्या आहेत. घरमाशी चावत नाही, पण डोळ्यांच्या कडांवर बसून तेथील ओलावा चोखते. तबेल्यातील चावरी माशी पायांचे रक्त पिते. गोमाशीचा दंश तर एवढा वेदनादायक, की शांत घोडाही उधळतो. या तिन्ही उजेडात वावरतात आणि काळोख झाला, की छपराखाली, भिंतीवर, दोरीवर विसावतात. तबेल्यात रात्रभर प्रखर दिवा जळत ठेवल्यास मात्र त्यांची वर्दळ चालूच राहते. तेथे उपाय जाळीचा नव्हे, दिवा मालवण्याचा आहे.

तिन्हीसांजेनंतर येतात ते डास आणि केमरे. भातखाचरांचा आणि शेणमिश्रित चिखलाचा हा प्रदेश केमऱ्यांना मानवणारा. एक ते तीन मिलिमीटरचा हा कीटक साध्या मास्कच्या छिद्रांतून आत शिरू शकतो. शिवाय मास्कने झाकले जातात ते डोळे आणि फार तर कान. मान, आयाळीचे मूळ, पोट आणि शेपटीचा बुडखा उघडाच राहतो, आणि केमऱ्यांच्या चाव्याने खाज सुटते ती नेमकी तेथे. म्हणजे रात्रीच्या शत्रूपुढे हे चिलखत जवळजवळ निरुपयोगी ठरते. घोडा सूर्यास्तापूर्वी आत घेणे, खिडक्यांना दाट विणीची जाळी बसवणे आणि छताला पंखा लावणे अधिक उपयोगाचे. केमरे उडण्यात दुबळे असल्याने पंख्याच्या वाऱ्यापुढे टिकत नाहीत. पंख्याची वायर मात्र घोड्याच्या तोंडाला लागणार नाही, इतकी उंच हवी.

अंधारात घोड्याला माणसापेक्षा चांगले दिसते. त्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. रात्री बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे चमकतात ते यामुळेच. ही देणगी तुटपुंज्या प्रकाशावर चालते आणि जाळी त्यातलाही काही प्रकाश अडवते. मोकळ्या रानात दगडी बांध, चर आणि काटेरी तार असताना ही उणीव घातक ठरू शकते. जाळी खिळ्यात वा फांदीत अडकली, तर रात्री ती सोडवायला कोणी जवळ नसते.

याहून मोठा धोका जाळीच्या आत आहे. पावसात भिजलेले कापड चिखलासह पापणीला चिकटते. भाताच्या पेंढ्यातील एखादे कूस आत शिरले, की रात्रभर डोळ्यावर घासत राहते. घोड्याच्या डोळ्याचे पारदर्शक पटल ओरखडले आणि त्यावर व्रण झाला, तर तो एक-दोन दिवसांतही चिघळू शकतो; उष्ण व दमट हवेत त्यात बुरशीची भर पडते. डोळा अर्धवट मिटलेला, सतत पाणी, पटलावर निळसर-पांढुरके धुके, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे. घरात उरलेले स्टेरॉइडयुक्त थेंब घालणे हा यातील सर्वांत महागात पडणारा शहाणपणा. व्रण असताना त्या औषधाने डोळा गमावण्याची वेळ येते. संध्याकाळी जाळी उतरवण्याचा खरा लाभ हाच, की त्या निमित्ताने मोतद्दाराची नजर दोन्ही डोळ्यांवरून फिरते.

माश्यांचा बंदोबस्त हा केवळ घोड्याच्या सुखाचा प्रश्न नाही. पावसाळ्यात घोड्यांच्या जखमांवर, ओठांवर, डोळ्यांच्या कोपऱ्यांत जे न भरणारे मांसल व्रण उठतात, त्यांना भारतात ‘बरसाती’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रज पशुवैद्यकांनीही हाच शब्द उचलला. घोड्याच्या जठरात राहणाऱ्या हॅब्रोनेमा या कृमीच्या अळ्या माशीच्या मार्फत ओल्या जागी सोडल्या जातात, त्यातून हा विकार होतो. दुसरा रोग ‘सर्रा’. ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात त्याचा परजीवी सापडला. तो पसरवणारी गोमाशीही दिवसाच चावते. दिवसा जाळी वापरण्याचे समर्थन या रोगांच्या संदर्भात करता येते. सर्रापासून मात्र एकट्या जाळीने बचाव होत नाही, कारण गोमाशी साऱ्या अंगाला चावते.

माशीचा उगम उकिरड्यात आहे. उबदार हवेत घरमाशीची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते. त्यामुळे लीद आणि मुताने भिजलेला पेंढा रोज उचलून तबेल्यापासून दूर, झाकलेल्या खड्ड्यात टाकला, तर निम्मी लढाई तेथेच संपते. पावसात हे काम कंटाळवाणे असते आणि नेमके तेव्हाच ते टाळले जाते.

अपवाद आहेत. डोळ्यावर शस्त्रक्रिया झालेला किंवा उपचार चालू असलेला घोडा डोळा खांबाला घासू नये, म्हणून पशुवैद्यक रात्रीही संरक्षक मुखवटा ठेवायला सांगतात. असा घोडा बंदिस्त, कोरड्या ठाणात असावा आणि रात्रीतून एकदा तरी त्याची पाहणी व्हावी. एरवी सकाळी उजाडल्यावर डोळे स्वच्छ ओल्या कापडाने पुसून कोरडी जाळी चढवावी. मुळशीच्या पावसात धुतलेली जाळी एका रात्रीत वाळत नाही, त्यामुळे प्रत्येक घोड्यामागे दोन जाळ्या बाळगाव्या लागतात.