शाकारलेल्या होड्या आणि मोने

पावसाळा तोंडावर आला की रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यांवर होड्या वर ओढून घेतात आणि झावळ्यांनी शाकारतात. अशाच छप्पर घातलेल्या होड्या आम्हाला एका फ्रेंच चित्रात भेटल्या.

क्लोद मोने हा दृक्प्रत्ययवादी चित्रकार १८८५ च्या हिवाळ्याच्या सुमारास नॉर्मंडीतल्या एत्रता या कोळ्यांच्या गावी राहिला होता. गावाला बंदर नाही, किनारा गोट्यांचा आणि उतरता. त्यामुळे मासेमारीहून परतलेल्या होड्या वर ओढाव्याच लागत. जुन्या, निकामी होड्यांवर छप्पर घालून कोळी त्यांत जाळी-दोर ठेवत. हवा बिघडली तर मोने हॉटेलच्या खिडकीतूनही हे दृश्य रंगवी.

एरवी तो किनाऱ्यावरच उभा राही. हे शक्य झाले एका साध्या वस्तूमुळे. पूर्वी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळे. ती फुटे, रंग वाळे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले आणि रंग खिशात मावू लागले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मोनेचे त्रुव्हिलच्या किनाऱ्याचे १८७० मधील चित्र आहे. त्याच्या रंगात वाळूचे कण अडकलेले सापडले आहेत!

पण किनाऱ्यावर उभे राहायचे तर समुद्राचे वेळापत्रक हवे. नोव्हेंबर १८८५ मध्ये मोने ओहोटी आहे असे समजून कड्याखाली रंगवत बसला. होती भरती. लाटेने त्याला आपटले, सामान नेले, दाढी रंगांनी माखली. आपल्याकडचे कोळी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, पण वर्गात मुलांकडून पडताळून घेण्याजोगा.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. एत्रता तेव्हाच हवापालटाला येणाऱ्यांचे गाव झाले होते. मोनेच्या चित्रांत हे पाहुणे बहुतेक दिसतच नाहीत; नुसत्या होड्या आणि कडे. नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर आज होड्यांच्या शेजारी खाण्याच्या गाड्या आहेत, घोडे आहेत, पर्यटकांच्या मोटारी आहेत. होडी ओढायला जागा किती उरली, हे त्याच चित्रातून कळू शकते. मुलांना होड्या काढायला सांगाल तेव्हा हे सगळेही काढू द्या, आणि कागदामागे तारीख व तिथी लिहून घ्या.