'आपल्यात असेच असते' : बेने इस्रायलांच्या तीन स्थलांतरांची साक्ष

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आम्हा मराठी कुटुंबांत मुलांच्या एका प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. गाव इंदूर असो, बडोदे असो, ग्वाल्हेर असो की हैदराबाद. सणावारी, पंगतीत वा लग्नाच्या मांडवात मूल विचारते, 'हे असेच का करायचे?' आणि घरातील वडील माणूस सांगते, 'आपल्यात असेच असते.' हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. कोकणातल्या वा देशावरच्या खेड्यातील मुलाला एके काळी ते पुरत असे, कारण तेथे घरची रीत आणि गावची रीत यांत फारसे अंतर नसे. परमुलखात वाढणारे मूल मात्र शेजारच्या घरी निराळे चाललेले रोज पाहत असते. त्याच्या प्रश्नामागे उद्धटपणा नसून कुतूहल असते, आणि त्याचे समाधान न झाल्यास ते एक तर रीत सोडते किंवा अर्थ न कळता तिला चिकटून राहते. आमच्या मते दोन्ही गोष्टी सारख्याच हानिकारक आहेत.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस वारंवार आठवण होते ती आमच्याच एका भाषाभगिनी समाजाची. बेने इस्रायल हा मराठी बोलणारा यहुदी समाज. परंपरा जमेस धरली तर या समाजाने तीन वेळा घर बदलले, आणि प्रत्येक वेळी मुलांना काय द्यावयाचे व काय गाळावयाचे हा प्रश्न त्याच्यापुढे नव्याने उभा राहिला. त्याने दिलेली उत्तरे आम्हांस उपयोगी पडण्याजोगी आहेत.

पहिले स्थलांतर दंतकथेच्या धुक्यातले आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, असे परंपरा सांगते. ही घटना कोणत्या शतकातली याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. इतके मात्र खरे की कोकणातील गावोगाव ही कुटुंबे पसरली, तेलाचा घाणा चालवू लागली, आणि गावांच्या नावांवरून त्यांना दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, अष्टमकर, पेणकर अशी आडनावे मिळाली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. धर्मग्रंथ जवळ नव्हते आणि हिब्रू विसरली गेली होती. उरले होते थोडेच : आठव्या दिवशी मुलग्याची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, काही सण आणि ईश्वराच्या एकत्वाचा उद्घोष करणारी 'शेमा' ही प्रार्थना.

त्या सणांची मूळ नावेही पुसली जाऊन त्यांच्या जागी घरगुती मराठी नावे आली होती. नववर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे 'दारफाळणीचा सण', कारण त्या दिवशी घराची दारे लावून उपवासात बसावयाचे. डेव्हिड रहाबी नावाचा एक परका यहुदी या लोकांत आला तेव्हाची गोष्ट समाजात सांगितली जाते. त्याने परीक्षा पाहण्यासाठी नाना तऱ्हेची मासळी एकत्र करून तेथील स्त्रियांना शिजवावयास दिली. स्त्रियांनी पर आणि खवले असलेली मासळी वेगळी काढली व बाकीची बाजूस सारली; यहुदी धर्माचा नियम तोच आहे. या गोष्टीची ऐतिहासिकता कशीही असो, तिचे मर्म खरे आहे. पोथी हरवली तरी चुलीपाशी काही उरले होते. 'आपल्यात असेच असते' एवढ्या एका वाक्यावर ते टिकले होते. या वाक्याचे सामर्थ्य नाकारण्याचा आमचा हेतू नाही.

पण त्याच वाक्याने दुसरेही पुष्कळ काही पुढे नेले. यहुदी धर्मशास्त्र विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक देते. कोकणातील या समाजात शेजाऱ्यांच्या संगतीने विधवाविवाह निषिद्ध मानला जाऊ लागला. गोमांस वर्ज्य ठरले. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन तट पडले आणि त्यांत रोटीबेटीव्यवहार होईना. घरातल्या मुलाला शनिवारचा विसावा आणि हा भेदाभेद एकाच स्वरात, एकाच आधारावर शिकविला जात होता. यांतले पूर्वजांनी आणलेले कोणते आणि शेजारून आलेले कोणते, हे सांगणारा कोणी नव्हता. केवळ सवयीने टिकणाऱ्या परंपरेचा हा मोठा दोष होय : तिला स्वतःतील धान्य आणि खडे निवडता येत नाहीत.

दुसरे स्थलांतर कोकणातून मुंबईस झाले. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही कुटुंबे नोकरीधंद्यासाठी मुंबईत येऊ लागली. कंपनी सरकारच्या पलटणीत अनेकांनी चाकरी केली. अशाच एका लष्करी अधिकाऱ्याने, सामाजी हसाजी दिवेकर यांनी, १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. आपल्या प्रार्थनामंदिराला हे लोक 'मशीद' म्हणत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. सामाजी म्हणजे सॅम्युएल आणि हसाजी म्हणजे इझिकेल. पुढच्या पिढ्यांनी मुलांची नावे ठेवताना जुन्या करारातील मूळ रूपे उचलली आणि आडनावे मात्र कोकणातलीच ठेवली. एका नावाचे हे दोन तुकडे म्हणजे निवडानिवड कशी चालली होती याचा चालताबोलता पुरावाच आहे.

मुंबईत या समाजास प्रथमच इतर देशांतले यहुदी भेटले आणि आपले किती विसरले गेले आहे याची जाणीव झाली. शिकविणारेही नाना ठिकाणचे होते. कोचीनहून यहुदी शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्रायलांसाठी हिब्रूचे मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. त्यात त्यांना यश फारच थोडे आले. मुलांनी विद्या घेतली आणि त्या विद्येने स्वतःचाच धर्म वाचावयास प्रारंभ केला.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की हे सारे पुनःशिक्षण मराठीतून झाले. इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या रात्री घरात वाचावयाची 'हगादा' ही पोथी १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या आवृत्तीतील एका चित्रात साडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दाखविल्या आहेत. या पोथीचा विधीच असा आहे की घरातल्या धाकट्या मुलाने प्रश्न विचारावयाचे, 'आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का?' आणि वडिलांनी सगळी हकीकत सांगावयाची. ज्या समाजात 'का' हा प्रश्न अवज्ञा न मानता विधीचे अंग मानला आहे, तेथे उत्तर मुलाला कळेल अशाच भाषेत द्यावे लागते. म्हणूनच जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्यासाठी उभे आयुष्य वेचले, आणि हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली. केहिमकरांनी समाजाचा इतिहासही लिहिला. १८९७ मध्ये पुरा झालेला तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रकाशित झाला.

याहूनही मनोज्ञ उदाहरण कीर्तनाचे आहे. १८८०च्या सुमारास मुंबईतील काही बेने इस्रायल तरुणांनी हरिदासी कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने घातली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी सारे आपले आणि कथा इस्रायलची. धर्माची शुद्धी करण्याच्या ऐन भरात या मंडळींना शेजाऱ्याची ही देणगी टाकून द्यावीशी वाटली नाही. शेजाऱ्याकडून आलेला विधवाविवाहाचा निषेध आणि शेजाऱ्याकडूनच आलेले कीर्तन, दोहोंचे मूळ एकच. पण पहिल्याने माणूस बांधला जात होता आणि दुसऱ्याने मुलाला आजोबांची गोष्ट कळत होती. पहिले हळूहळू सैल पडले, दुसरे फुलले. तेव्हा रीत मूळची की उसनी एवढाच निकष त्यांनी लावला नाही. ती काय करते हेही पाहिले.

तिसरे स्थलांतर आमच्या आठवणीतले आहे. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले तेव्हा हिंदुस्थानात बेने इस्रायलांची संख्या सुमारे वीस हजार होती. पुढील दोन-तीन दशकांत त्यांतील बहुसंख्य तिकडे गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत त्यांची वस्ती झाली. प्रारंभीचा काळ कष्टाचा आणि मानहानीचा होता. वर्णावरून भेदभाव होतो अशी तक्रार करून काही कुटुंबांनी १९५१-५२ मध्ये धरणे धरले व ती भारतात परतली. त्यांतील काही पुढे पुन्हा गेली. त्याहून खोल घाव १९६२ मध्ये बसला. तेथील प्रमुख धर्मपीठाने निर्देश काढले की बेने इस्रायल वधूवरांचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या मागच्या पिढ्यांची कुलपरीक्षा करावी. ज्यांनी पोथीवाचून शेकडो वर्षे शनिवार पाळला, त्यांच्या मुलीला मांडवात उभे राहून आपण यहुदी असल्याचे सिद्ध करावे लागणार होते. समाजाने निदर्शने केली, उपोषणे केली. अखेर १९६४ मध्ये प्रश्न तेथील संसदेपर्यंत गेला आणि निर्देशातून बेने इस्रायलांचा उल्लेख वगळण्यात आला.

या वादात एक गोष्ट विलक्षण घडली. संशय होता तो घटस्फोट व पुनर्विवाह शास्त्रोक्त झाले असतील काय, असा. त्यावर समाजाच्या बाजूने सांगण्यात आले की आमच्यात पूर्वी घटस्फोट जवळजवळ नव्हतेच आणि विधवांची पुन्हा लग्ने होत नसत. मग दोष यावा कोठून? जी कोकणी रीत धर्मबाह्य म्हणून सोडावी लागली, तीच कुळाच्या बचावास साक्षीदार म्हणून उभी राहिली. म्हणून ती रीत चांगली होती असे कोणी म्हणू नये. तिने कितीक स्त्रियांची आयुष्ये करपविली असतील. परंतु सोडलेल्या रीतीचाही इतिहास जतन केला पाहिजे, हा धडा यातून मिळतो.

आणि पुढे तर चित्र पार पालटले. कोकणात शनिवार ही या समाजाची खूण होती. इस्रायलात शनिवारी सारा देशच थांबतो. तेथे ती खूण राहिली नाही. तेथे समाजाने हाती धरला तो मलिदा. एलियाहू हन्नाबीच्या नावाने गोड पोहे, खोबरे आणि फळे ताटात मांडून प्रार्थना म्हणावयाची आणि प्रसाद वाटावयाचा, हा विधी अन्य यहुदी समाजांत नाही. अलिबागजवळ खंडाळे येथे एलियाहूच्या रथाची खूण मानला जाणारा खडक आहे; कोकणात त्याच्या सणाला 'उरूस' म्हणत. 'शनवार तेल्यां'च्या गावात हा विधी शेजाऱ्यांसारखे असण्याची खूण होता. इस्रायलात तोच वेगळेपणाची खूण झाला. लग्नाआधीची मेंदी तशीच. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. पण तेथे वाढलेली मुले हिब्रूतच शिकली. मलिद्याचे ताट नातवंडांपर्यंत पोहोचले, मराठी मात्र बहुतेक घरांत वाटेतच थांबली. ताट हाताने हाती देता येते. भाषा रोज बोलावी लागते.

या सर्वांतून आम्ही काय घ्यावे? रीतीचा अर्थ जागेबरोबर बदलतो, ही पहिली गोष्ट. पुण्यात जी गोष्ट सहज असते ती इंदुरात खूण बनते आणि परदेशी कदाचित आधार बनेल. म्हणून 'हे किती जुने आहे?' या प्रश्नापाशी न थांबता 'येथे, या मुलासाठी हे काय करते?' असे आईबापांनी स्वतःस विचारावे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या गुजराती वा तेलुगू बायका येतात, आंब्याची डाळ आणि पन्हे घेतात, त्या समारंभाने मुलीला घर आणि गल्ली दोन्ही मिळतात. त्याच समारंभातून घरच्या विधवा आत्याला वगळले जाते, तेव्हा त्याच मुलीला दुसरेच काही शिकविले जाते. दोन्हींना 'आपल्यात असेच असते' हे एकच उत्तर देणे म्हणजे धान्य आणि खडे एकत्र दळणे होय.

दुसरी गोष्ट, निवडण्याचे हे काम एकदाचे संपत नाही. मुंबईच्या पिढीने केलेली निवड इस्रायलातल्या पिढीने पुन्हा तपासली; आमची निवड आमची नातवंडे तपासतील. आम्ही जे गाळू त्याचीही हकीकत त्यांना सांगून ठेवू, म्हणजे त्यांना निवाडा करता येईल. तिसरी गोष्ट भाषेची. रीत कोणतीही ठेवा वा सोडा, तिची गोष्ट सांगण्यासाठी घरात एक भाषा जिवंत हवी. बेने इस्रायलांनी हरवलेला धर्म मराठीतून परत मिळविला. आमच्या घरांतील मुले मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत, गुजरातीत किंवा तेलुगूत उत्तर देतात आणि आम्ही कौतुकाने हसतो. त्या हसण्यात किती गमावले जात आहे, याचा हिशेब आम्ही मांडलेला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मूल 'का?' म्हणून विचारील, तेव्हा त्यास जवळ बसवावे. माहीत असेल ते मराठीत सांगावे आणि जे पटत नसेल तेही लपवू नये. हातातले काम थोडा वेळ थांबले तरी चालेल.