पडीक कोण म्हणतो?

रात्रपाळी करून कारेगावच्या खोलीवर येतो तेव्हा माळ दिसत नाही, रांजणगाव एमआयडीसीच्या भिंती दिसतात. माळ बघायचा तर चौफुला मागं टाकून बारामती तालुक्यातल्या सुप्याला जावं लागतं. तिथं 1997 साली मयूरेश्वर अभयारण्य झालं. अवघं 5.14 चौरस किलोमीटर. गवत, बोरी, बाभळी, हिवर. त्यात चिंकारा, लांडगा, खोकड, तरस. चिंकारा पाण्यावाचून दिवस काढतो, पाल्यातल्या ओलीवर जगतो. आपल्या माणसांसारखाच.

सुपं इतिहासात आहे ते 1875 मुळं. त्या साली 12 मेला इथल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. पण माळाचा इतिहास कोणी लिहिला? सरकारी दप्तरानं झाडं मोजली, गवत मोजलं नाही, अन् शिक्का मारला : पडीक.

साहेब अन् संस्थानिकांनी बंदुकीनं मारलं ती शिकार. पारध्यानं पोटासाठी फासा लावला तो गुन्हा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग पुढं त्याच्या कपाळी आला. कायदा 1952 ला गेला, डाग गेला नाही. 1972 च्या कायद्यानं शिकार थांबवली, ते योग्यच झालं. पण माग ओळखणारा तो माणूस राखणदार का नाही?

1959 ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला, तोही असल्याच पडीक जमिनींसाठी. म्हणून चिंकाऱ्याशी आपलं भांडण नाही. दोघांच्याही नावावर सातबारा नाही.

ज्या जमिनीवर कोणी जगतं ती पडीक नसते, एवढं आपण तरी लिहून ठेवू.