निवडुंगाची जखम सुकू द्या

मागच्या पावसाळ्यात आठवीच्या मुलांनी शाळेतल्या कुंड्यांत फड्या निवडुंगाची पाने खोचली आणि रोज आठवणीने पाणी घातले. पंधरा दिवसांत सगळी बुडापासून काळी पडून लिबलिबीत झाली. मुलांनी दोष मातीला दिला. खरे तर घाई नडली होती.

फड्या निवडुंगाचे पान (शास्त्राच्या भाषेत ते खोडच) कापले की तिथे ओली जखम राहते. तशीच ती ओल्या मातीत गेली तर बुरशी आत शिरते. सावलीत आठ-दहा दिवस ठेवले की जखमेवर कोरडी खपली धरते. मग ते रेताड मातीत उभे करायचे आणि मुळे फुटेपर्यंत पाणी जवळजवळ द्यायचेच नाही. पानात स्वतःचा साठा असतो. अरबीत या झाडाला 'सब्बार' म्हणतात; 'सब्र' त्याच तीन अक्षरांतून येतो. उर्दूच्या तासाला हे सांगितल्यावर मुले हसली.

तोडलेले पान असे अनेक दिवस जिवंत राहते, म्हणूनच त्याची चोरी शक्य झाली. मेक्सिकोतल्या ओआहाकाचे शेतकरी निवडुंगावर कोचिनील नावाचा किडा पाळत. त्यापासून गर्द लाल रंग निघे. एक पौंड मालाला सुमारे 70 हजार वाळलेले किडे लागत. या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती. 1777 मध्ये तिएरी द मेनोंव्हिल हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ परवानगी नसताना ओआहाकात पोहोचला आणि किड्यांसकट निवडुंगाची पाने पेट्यांत भरून कॅरिबियन समुद्रातल्या सँ दोमिंग या फ्रेंच वसाहतीत घेऊन गेला. तीनच वर्षांत तो वारला.

ईस्ट इंडिया कंपनीलाही तोच लोभ सुटला. मद्रासचे कंपनीचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी सैदापेटला निवडुंगाची बाग उभारली. 1795 मध्ये ब्राझीलहून किडे आले, पण ते भलत्याच जातीचे निघाले. रंग हलका, भूक मात्र दांडगी. रंगाचा धंदा बुडाला आणि त्या किड्याने एका जातीचा निवडुंग मोठ्या प्रदेशातून खाऊन संपवला.

दुसरी जात मात्र तगली. दक्षिणेत तिने कुंपणे ओलांडून गायराने व्यापली. शेतकऱ्याने ती तोडून बांधावर टाकावी, तर उन्हात जखम सुकून पडल्या जागी मुळे फुटत. जी युक्ती आमच्या मुलांना साधली नाही, ती तिथे कुणी न करता आपोआप साधत होती! अखेर 1926 मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या वेगळ्या किड्याने तिला आवर घातला.

यंदाची पाने वर्गाच्या खिडकीत वाळत पडली आहेत. आज सहावा दिवस. दोन मुलींनी विचारले, "सर, थोडंसं पाणी घालू का?"