समुद्राचा खोटा तळ

प्रयोगशाळेत एखादे निरीक्षण अपेक्षेपेक्षा वेगळे आले, की विद्यार्थी काय करतो? बहुधा उपकरणाला दोष देतो, खोडरबर घेतो आणि वहीत पुस्तकातला आकडा लिहितो. समुद्राची खोली मोजणाऱ्या उपकरणानेही एकदा असाच न जुळणारा आकडा दाखवला. पुढे काय झाले, ते वर्गात सांगण्याजोगे आहे.

पूर्वी दोराला किंवा तारेला वजन बांधून समुद्राची खोली मोजत. 1872 ते 1876 या काळात महासागरांची पाहणी करणाऱ्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजावर दोरच वापरला गेला. काही किलोमीटर दोर सोडून परत गुंडाळायला तासन्‌तास लागत. विसाव्या शतकात हे काम ध्वनीवर सोपवण्यात आले. प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याच्या पद्धतीचे पेटंट जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर बेम यांनी 1913 मध्ये मिळवले. 1925 ते 1927 या काळात ‘मेटिओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकच्या तळाची मापे याच रीतीने हजारोंनी घेतली.

या उपकरणाला इको साउंडर म्हणतात. त्याचे तत्त्व सोपे आहे. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. जहाजातून सोडलेला ध्वनी 4 सेकंदांनी परत आला, तर त्याचा जाण्यायेण्याचा प्रवास 6000 मीटर झाला, म्हणजे खोली 3000 मीटर. मात्र एक गोष्ट विसरून चालत नाही. हे उपकरण खोली मोजतच नाही, ते फक्त वेळ मोजते. परत आलेला ध्वनी तळावरूनच आला, हे आपण गृहीत धरतो.

हे गृहीत कसे फसते, याचे एक साधे उदाहरण पाहू. जुन्या इको साउंडरमध्ये कागदावरून एक लेखणी फिरे आणि प्रतिध्वनी आला की खूण करी. समजा, कागदावर 0 ते 500 मीटर एवढीच खोली मावते. लेखणीची एक फेरी 0.67 सेकंदात पूर्ण होते, आणि लगेच नवा ध्वनी सुटून दुसरी फेरी सुरू होते. खरी खोली 520 मीटर असेल, तर पहिल्या ध्वनीचा प्रतिध्वनी दुसऱ्या फेरीच्या आरंभी पोचतो आणि खूण 20 मीटरवर उमटते! जहाज आता उथळ जागी रुतणार, असे कप्तानाला वाटावे. हा दोष ओळखण्याची युक्ती म्हणजे फेरीची मर्यादा बदलणे. ती 400 मीटर केली, तर हीच खूण 120 मीटरवर जाते. तळ खरोखरच 20 मीटरवर असता, तर खूण हलली नसती.

आता 1942 सालाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी अमेरिकेत सॅन दिएगो येथे ध्वनीवर संशोधन चालू होते. आयरिंग, ख्रिस्टेन्सन आणि रेट या तिघांना दिवसा सुमारे 300 ते 450 मीटर खोलीवरून प्रतिध्वनी येताना आढळला. प्रत्यक्षात तिथला तळ कितीतरी खाली होता. मग हे परावर्तन कशावरून होत होते? उपकरणाचा दोष, वेगळ्या तापमानाच्या पाण्याचा थर, की सजीव? अशा अनेक शंका संभवत होत्या.

या प्रश्नाला जीवशास्त्राची वाट दाखवली ती स्क्रिप्स संस्थेतील मार्टिन जॉन्सन यांनी. समुद्रातील सूक्ष्म प्राणी संध्याकाळी वर येतात आणि पहाटे खाली जातात, हे जाळी टाकून आधीच समजले होते. जॉन्सन यांचा तर्क असा : हा थर प्राण्यांचा असेल, तर तोही संध्याकाळी वर आला पाहिजे. जून 1945 मध्ये त्यांनी ‘ई. डब्ल्यू. स्क्रिप्स’ या जहाजावरून दिवसरात्र निरीक्षणे घेतली. सूर्य मावळताना थर वर सरकू लागला, उजाडताना पुन्हा खाली गेला. उपकरणाला सूर्य कधी मावळला हे ठाऊक नसते, आणि तापमानाचा थर काही रोज संध्याकाळी शेकडो मीटर वर चढत नाही. युद्धकाळातील हे निष्कर्ष 1948 मध्ये प्रसिद्ध झाले.

पण हे प्राणी कोणते? माशाच्या मांसातून ध्वनी जवळजवळ पाण्यातून जावा तसाच पार होतो, परंतु वायू भरलेल्या पिशवीवरून तो जोराने परततो. म्हणून 1951 मध्ये एन. बी. मार्शल यांनी वाताशय असलेल्या खोल समुद्रातील माशांकडे बोट दाखवले. पुढे 1960 नंतर एरिक बारहॅम यांनी ‘त्रिएस्त’ या खोल पाण्यात उतरणाऱ्या यानातून प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा अंगावर प्रकाशाचे ठिपके असणारे लँटर्नफिश आणि जेलीफिशच्या नात्यातले, वायूचा फुगा बाळगणारे सायफोनोफोर त्यांना या थरात आढळले.

आपल्या अरबी समुद्रातही असे थर आहेत. तिथले लँटर्नफिश दिवसा अत्यंत कमी ऑक्सिजनच्या पाण्यात उतरतात आणि रात्री चरण्यासाठी वर येतात. अशी रोजची ये-जा जगभरच्या महासागरांत चालते. वजनाच्या हिशेबाने पृथ्वीवर प्राण्यांचे याहून मोठे स्थलांतर नाही.

वरच्या दोन्ही उदाहरणांत आकडा चुकीचाच वाटत होता. मांडणी बदलल्यावर खूण हलली, तेव्हा दोष उपकरणाच्या वापरात सापडला. थर सूर्याबरोबर हलला, तेव्हा समुद्राबद्दल नवे काही कळले. विद्यार्थ्याने न जुळणारा आकडा खोडण्यापूर्वी उपकरणाची मांडणी आणि मग परिस्थिती, एकेक करून बदलून पाहावी. तोवर तो आकडा वहीत तसाच राहू द्यावा, आणि शिक्षकांनी त्याचे गुण कापू नयेत.