मदतीचीही शाळा असते

दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी, पूर, भूकंप आणि दुष्काळ यांच्या गोष्टी कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. ते रास्तही आहे. पण मी आज संकटांचे वर्णन करणार नाही. संकटात धावून जाणाऱ्या माणसांना त्यासाठी लागणारी विद्या कोणी आणि कशी शिकवली, याचा थोडा इतिहास सांगणार आहे. वाशिंदच्या शाळामास्तराला हा विषय अगदीच परका नाही. १८५५ मध्ये कल्याणहून निघालेले रूळ आमच्या गावापर्यंत येऊन थांबले. पुढे सरकायला त्यांना काही वर्षे लागली. तेव्हापासून रेल्वे, मुंबई-नाशिक रस्ता, भातसा नदी आणि तिच्यावरचे धरण यांच्या संगतीत हा मुलूख वाढला. पावसाळ्यात यांपैकी कोण केव्हा रुसेल याचा नेम नसतो.

एखाद्या घराला आग लागली की सारी आळी धावते. आपल्या माणसांच्या अंगी ही माया आहे, यात शंका नाही. पण धावणे वेगळे आणि धावून गेल्यावर काय करावे हे ठाऊक असणे वेगळे. दहा जखमी समोर पडलेले असताना जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे आपण आधी वळतो. शिकलेला माणूस मात्र जो अगदी गप्प पडला आहे त्याचा श्वास आधी पाहतो. पूरग्रस्तांना आपण जुने कपडे आणि पुऱ्याभाजी पाठवतो. शिकलेला माणूस आधी विचारतो, पाणी किती आणि संडास किती? जगातल्या मदतसंस्थांनी १९९७ पासून एकत्र बसून याची मापेच ठरवली आहेत : माणशी रोज निदान १५ लिटर पाणी, आणि २० माणसांमागे एक संडास. हे चुकले तर पुरातून वाचलेली माणसे पटकीने जातात.

आपल्या देशात या विद्येचे पहिले पुस्तक दुष्काळाने लिहविले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. त्यानंतर सरकारने आयोग नेमला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळसंहिता तयार झाल्या. धान्याचे भाव चढू लागले, माणसे गाव सोडून चालू लागली, की दुष्काळ आला असे समजावे आणि कामे काढावीत, असे त्यांत कलमवार लिहिलेले होते. सरकार परके होते आणि हातही आखडता होता. पण मदतीला नियम असतात, ही गोष्ट कागदावर आली.

नुसत्या नियमाने काय होते, हे १८९७ च्या प्लेगने पुण्याला दाखवले. बंदोबस्त कडक होता. पण गोरे सोजीर घराघरांत, थेट देवघरात आणि माजघरात शिरले. रोगापेक्षा उपायाचीच दहशत बसली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. एकीकडे माया नसलेली शिस्त होती. दुसरीकडे माया अपार होती, पण तिच्या पाठीशी पुरेशी साधने नव्हती. या दोहोंचे लग्न लावायचे कसे, हाच पुढच्या शंभर वर्षांचा प्रश्न होता.

त्याचे एक उत्तर मुंबईत नागपाड्याला मिळाले. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने टाटांच्या देणगीतून तेथे समाजकार्याची शाळा निघाली. हीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. सेवा ही पदवी घेऊन शिकण्याची गोष्ट आहे, हे ऐकून तेव्हा पुष्कळांना हसू आले असेल. पण फाळणी झाली आणि कुरुक्षेत्राच्या छावणीत निर्वासितांची रीघ लागली, तेव्हा या शाळेची माणसे तेथे कामाला गेली. आमच्या जिल्ह्यातही कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित येऊन उतरले. त्या छावणीचेच १९४९ मध्ये उल्हासनगर झाले.

दुसरे उत्तर नागपूरने दिले. २९ एप्रिल १९५७ रोजी तेथे केंद्र सरकारने आपत्कालीन मदतीचे शिक्षण देणारी संस्था काढली. महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांनी येथे येऊन संकटनिवारण शिकावे, अशी योजना होती. आग विझवण्याचे राष्ट्रीय महाविद्यालयही त्याच वर्षी रामपूरहून नागपुरास आले. पुढे १९६८ मध्ये पहिल्या संस्थेचे नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. मधल्या काळात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली. शाळा निघाली होती, पण तिचे शिक्षण गावच्या वेशीपर्यंत पोचायचे होते.

ते पोचले किल्लारीनंतर. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक निजले होते. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली आणि लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर काळ ठरले. मग गवंड्यांना नव्याने शिकवावे लागले : भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे आरपार दगड कसे घालावेत, भिंतीभोवती सिमेंटचा पट्टा कसा बांधावा. घरदुरुस्तीच्या त्या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक उभ्या केल्या. सरकारी मदत कशी मिळते, सिमेंट किती लागते, इंजिनिअरला काय विचारायचे, हे या बायका घरोघर सांगू लागल्या. २००१ मध्ये कच्छात भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या बायका तिकडे गेल्या आणि आपण काय शिकलो ते तिथल्या बायकांना सांगून आल्या. मला स्वतःला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्यांच्यावर संकट कोसळले, त्याच पुढे शिक्षिका झाल्या.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वर्षाच्या शेवटी आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि त्यातून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याची एक तुकडी पुण्याजवळ तळेगावला असते. दलाच्या एका पथकात ४५ जण असतात. त्यांत अभियंते, वीजतंत्री, औषधोपचार जाणणारे आणि वासावरून माणूस शोधणारी कुत्रीही आली. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवासी आत होते, नऊ गरोदर स्त्रिया होत्या. खाली उतरू नका, डबा हीच सुरक्षित जागा, असे त्यांना बजावले गेले. दुसऱ्या दिवशी होड्या आल्या आणि सारे सुखरूप बाहेर पडले. त्या प्रसंगी धीर धरून बसायला सांगणे, हीच मोठी विद्या होती.

आता मूळ मुद्दा. वर्गात मुलांना पुढे काय होणार असे विचारले, की पोलीस, लष्कर, नाहीतर कंपनीत नोकरी ही उत्तरे येतात. संकटनिवारणाचा अभ्यासक्रम असतो, टाटा संस्थेत त्यावर पदव्युत्तर शिक्षण मिळते, असे सांगितले की एखादा विचारतो, ‘‘गुरुजी, लोकांच्या दुःखावर पगार घ्यायचा?’’ प्रश्न चांगला आहे. पण डॉक्टर फी घेतो, सुईणीला आपण साडीचोळी देतो, आणि मास्तरही पगार घेतो. त्यामुळे त्यांच्या कामाचे पुण्य उणे होत नाही. उलट ज्याच्या घरची चूल पेटती आहे तोच दर पावसाळ्यात, दर वर्षी, न थकता उभा राहू शकतो.

आणि ही विद्या शहरातच राहून भागणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रे नेता येईनात. जवान आणि तरुण डोंगर चढून गेले आणि हातांनी चिखल उपसू लागले. आमच्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरांतही ठाकर-कातकऱ्यांच्या अशा वाड्या आहेत. तळेगावची गाडी कितीही वेगाने सुटली तरी पहिला तास शेजाऱ्याचाच असतो. तो शेजारी शिकलेला हवा.

म्हणून वाचकहो, एवढेच मागणे. फराळाला बसल्यावर घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘‘मला हे शिकायचे आहे’’ म्हटले, तर त्याला वेड्यात काढू नका. ‘‘शीक बाळा’’ म्हणा, आणि ताटात एक करंजी जास्त वाढा.